भोसरीतल्या एका प्रेस शॉपच्या सुरक्षा नोंदी

४ मार्च २०२५

आज राष्ट्रीय सुरक्षा दिन. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली याच तारखेला स्थापन झाली. सकाळी सगळ्यांनी गेटजवळ उभं राहून शपथ घेतली, छातीला हिरवे बॅज लावले. सप्ताह दहा तारखेला संपेल. त्यानंतरचे अकरा महिने काय करायचं, त्यासाठी ही वही आजपासून सुरू करते आहे.

शॉपची माहिती एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी वाचणाऱ्याला कळतील. बावीस माणसं. सहा यांत्रिक प्रेस (पत्रा कापायची आणि वाकवायची यंत्रं), १० टनापासून ६३ टनापर्यंत, सगळ्या सी-फ्रेम आणि रोलिंग-की क्लचच्या. एक १०० टनी, तिला न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा क्लच. शिवाय शिअरिंग, पिलर ड्रिल, दोन बेंच ग्राइंडर, मिग वेल्डिंग आणि कॉम्प्रेसर. दुचाकीचे ब्रॅकेट, क्लॅम्प आणि वॉशर बनतात. आम्ही पुरवठादाराचे पुरवठादार, त्यामुळे मोठ्या कंपनीची ऑडिटची माणसं आमच्या शेडपर्यंत क्वचितच येतात. सुरक्षा अधिकारी ठेवावा एवढी माणसंही आमच्याकडे नाहीत. जे करायचं ते आम्हीच करायचं.

गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एका शॉपमध्ये एका पोराची दोन बोटं गेली. वय विशीच्या आत-बाहेर. तो आता गावी आहे.

८ मार्च

सेटरकाका, म्हणजे प्रेसवर साचे बसवणारे आमचे काका, त्यांच्याबरोबर दिवसभर एकेक प्रेस पाहिली. प्रेसवर बोट का जातं हे नीट कळल्याशिवाय उपाय करण्यात अर्थ नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

रोलिंग-की क्लचच्या प्रेसमध्ये फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, सतत फिरत असतं. पॅडल दाबलं की क्लचची चावी फिरते आणि फ्लायव्हील शाफ्टला पकडतं. रॅम, म्हणजे पत्र्यावर दाब देणारा वरचा भाग, खाली येतो, वर जातो आणि पूर्ण फेरी झाल्यावरच सुटतो. मध्येच थांबवायची सोयच नाही. निघाला म्हणजे निघाला. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढ्या वेगात पॅडलवर चुकून पाय पडला तर रॅम येतोच. हे निम्म्या मुलांना माहीत नव्हतं. मोटर बंद, म्हणजे प्रेस बंद, असंच ते धरून चालतात.

दुसरी गोष्ट याहून वाईट. चावीची स्प्रिंग थकली, चावीची कड झिजली किंवा ब्रेकचा पट्टा ढिला झाला की पाय उचलल्यावरही रॅम पुन्हा एकदा खाली येतो. प्रेसने डबल मारली, म्हणतात ते हेच. आणि नेमकं त्याच क्षणी ऑपरेटरचा हात पीस काढायला आत गेलेला असतो. अशा वेळी तो कितीही सावध असला तरी उपयोग नाही, कारण त्याच्या हिशेबाने स्ट्रोक संपलेला आहे. ‘निष्काळजीपणामुळे अपघात’ असं लिहून कागद बंद करणाऱ्यांनी एकदा क्लच उघडून पाहावा.

यातून दोन गोष्टी ठरल्या. रोलिंग-की क्लचवर लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की ओळखणारा किरणांचा पडदा, लावून उपयोग नाही. हात गेल्याचं त्याला कळेल, पण तो रॅम अडवू शकणार नाही. आणि दोन हातांची बटणं लावली तरी डबल स्ट्रोकपुढे ती पुरी पडत नाहीत, कारण बटणं सोडून हात मोकळे झालेले असतात. उरतात दोनच रस्ते. हात आत जाऊच नये अशी बंद जाळी, नाहीतर हात आत घालायची गरजच पडू नये अशी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा.

१२ मार्च

रोजच्या तपासणीचा कागद. नेटवर तयार चेकलिस्ट ढिगाने मिळतात, वीस-पंचवीस मुद्द्यांच्या. अशा कागदाचं काय होतं ते मी आधीच्या नोकरीत पाहिलं आहे. तिथे महिनाअखेरीला एका पेनाने, एका बैठकीत सगळ्या टिका मारल्या जायच्या.

आपल्याकडे एक सवय पक्की आहे, ती म्हणजे फर्स्ट पीस. डाय लावल्यावर पहिला पीस इन्स्पेक्शनला जातो, तिथून सही झालेला टॅग प्रेसवर लागतो आणि मगच चालू माल काढायचा. हे कुणी कधी चुकवत नाही, कारण चुकवलं तर अख्खा लॉट रिजेक्ट होऊ शकतो. त्याच टॅगच्या मागच्या बाजूला आजपासून पाच ओळी छापल्या. जाळी बोल्टने आवळली आहे. पत्र्याची पट्टी न घालता दहा रिकामे स्ट्रोक मारले आणि दर वेळी रॅम वरच थांबला. पॅडलवर झाकण आहे. इमर्जन्सी बटण दाबून पाहिलं. प्रेससमोर जमिनीवर तेल नाही. खाली सेटरची सही. मागची सही नसेल तर पुढची सही करायची नाही, असं इन्स्पेक्शनच्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “करणारच नाही, तुम्ही सांगितलं तरी करणार नाही.”

वेगळा कागद नाही, वेगळी वेळ नाही, वेगळा माणूस नाही. हे टिकेल असं मला मनापासून वाटतं.

२१ मार्च

पाट्या बदलल्या. निम्मी मुलं बिहार-यूपीची, निम्मी लातूर-धाराशिवकडची. आधीच्या इंग्रजी पाट्या काढून टाकल्या. आता प्रत्येक प्रेसवर त्याच प्रेसचा फोटो आहे, हात कुठे जायचा नाही तिथे लाल पट्टा, आणि खाली मराठी व हिंदीत एकेक ओळ.

३ एप्रिल

गुरुवार, म्हणजे भोसरीची साप्ताहिक सुट्टी. आज तीन प्रेसचे क्लच उघडले.

२५ टनीची चावी हातात घेऊन बघितली. अर्धगोल दांडा, साधारण बोटाएवढा जाड. जिथे फ्लायव्हीलच्या बुशला ती पकडते तिथली कड काटकोनी हवी, ती घासून गोल झाली होती. नख फिरवलं तर अडकत नव्हतं. स्प्रिंग नवीन स्प्रिंगशेजारी उभी केली तर उंचीला सरळ कमी भरली. ही प्रेस अजून डबल मारत नव्हती. मारली असती. सेटरकाकांनी चावी पुसून सगळ्या ऑपरेटरना एकेकाच्या हातात दिली. मी भाषण करणार होते, त्याची गरज राहिली नाही.

चाव्या, स्प्रिंगा आणि ब्रेकचं लाइनिंग बदललं. ठरवलं की दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एक क्लच उघडायचा, तक्रार असो वा नसो. सहा प्रेस आहेत, म्हणजे सहा महिन्यांनी प्रत्येकीची पाळी परत येईल.

अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घातलं, जूनपर्यंत दर आठवड्याला घालायचं. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून पाहिलं, पडली. हेही पहिल्या गुरुवारच्या कामात धरलं.

१९ एप्रिल

जाळ्या. कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २१ यंत्राच्या धोकादायक भागाला पक्कं कुंपण घालायला सांगतं, पण कुंपण कसं हवं हे शॉपमध्येच ठरतं. पहिली जाळी पंचाच्या (रॅमला लावलेल्या, पत्रा कापणाऱ्या हत्याराच्या) जवळ बसवली, पट्टी सरकायला ६ मिलिमीटरची फट ठेवली. आमची पट्टी १.२ ते २ मिलिमीटर जाड, त्यामुळे ती आरामात जाते आणि बोट जात नाही. फट वाढवायची असेल तर जाळी पंचापासून लांब न्यावी लागते, हा साधा नियम वेल्डरदादांना समजावला. पुढच्या चार जाळ्या त्यांनी मला न विचारता बरोबर केल्या.

ऑपरेटरांची तक्रार होती की आतलं दिसत नाही. तक्रार खरीच आहे. पट्टी स्टॉपरला टेकली का ते दिसलंच पाहिजे, नाहीतर तो जाळी काढणारच. आडव्या पट्ट्यांऐवजी उभे सळे लावले आणि पिवळ्या रंगाऐवजी मॅट काळा मारला. पिवळा रंग डोळ्यांवर चमकतो, काळ्यातून नजर आरपार जाते. आत एक एलईडी दिवा लावला. आता दिसतं.

६ मे

ब्लँकिंग (पट्टीतून तुकडा कापणं) आणि पियर्सिंगला (भोक पाडणं) जाळी चालते, कारण तिथे लांब पट्टी सरकवायची असते. खरा प्रश्न बेंडिंगचा, म्हणजे वाकवण्याचा आहे. क्लॅम्पचा छोटा ब्लँक (कापलेला तुकडा) हाताने डायवर ठेवायचा, स्ट्रोक मारायचा, हातानेच काढायचा. जाळी लावली तर कामच होत नाही. चिमटे आणि मॅग्नेट दिले आहेत, पण घाईच्या वेळी हात चिमट्याआधी पोचतो.

टूलरूमवाल्यांशी बोलून खालची डाय सरकत्या पाट्यावर घेतली. पाटा बाहेर ओढायचा, ब्लँक ठेवायचा, पाटा आत ढकलायचा. तो पूर्ण आत गेला तरच पॅडलची कडी सुटते, अर्धवट असेल तर पॅडल दाबलंच जात नाही. समोर जाळी कायमची बंद. पीस मागच्या बाजूने हवेच्या झोताने उडून पेटीत पडतो. खर्च डायच्या किमतीच्या मानाने थोडा. पहिले दोन दिवस तासाचे नग कमी पडले. आठवडाभरात हात बसला आणि आता पूर्वीएवढेच निघतात.

इथे पैशाचंही बोलायला हवं. नगावर इन्सेंटिव्ह असतो तोवर तपासणीत गेलेला प्रत्येक मिनिट ऑपरेटरच्या खिशातून जातो. तो जाळी काढतो यात नवल काय? गेल्या महिन्यापासून टॅगची वेळ तासाच्या दरातच धरली आहे. प्रेसमध्ये बिघाड दिसला म्हणून ज्याने ती थांबवली, त्याचा थांबलेला वेळ सरासरी नगांनी भरून द्यायचा. भावाने, म्हणजे माझ्या भागीदाराने, हिशेब मांडून विचारलं की याचा गैरफायदा घेतला तर? मी म्हटलं, घेऊ दे. महिनाभरात कुणी घेतला नाही. उलट ४० टनीचा ढिला पॅडलबोल्ट एका हेल्परने दाखवला, तो आधी कधी बोलायचा नाही.

२७ मे

पत्र्याच्या शेडखाली दुपारी बसवत नाही. बूट काढून चपलेत येणं सुरू झालं आहे. रागावून काही होणार नाही. छतावर पांढरा रंग मारला, दोन एक्झॉस्ट वाढवले, दुपारी साडेतीनला ताक सुरू केलं. शिअरिंग आणि माल उचलणाऱ्यांना बूट सक्तीचेच, पत्र्याची कड पायावर पडली तर चप्पल काही वाचवत नाही.

२० जून

सेटरकाका वारीला गेले. दरवर्षी जातात, माउलींच्या पालखीबरोबर, आणि आषाढी करूनच परततात. त्यांच्या जाण्याने एक गोष्ट समोर आली. टॅगच्या मागची सही फक्त त्यांचीच चालते. मग इतके दिवस प्रेस कुणाच्या सहीने सुरू करायच्या?

लहान धंद्यात सुरक्षा अनेकदा एकाच चांगल्या माणसावर उभी असते. तो आहे तोवर सगळं ठीक. जाण्याआधी काकांनी दोन ऑपरेटरना क्लच उघडायला, रिकाम्या स्ट्रोकचा आवाज ओळखायला आणि रॅमखाली ठोकळा लावायला शिकवलं होतं. डाय बदलताना रॅमखाली लोखंडी ठोकळा उभा करायचा, मोटरच्या मेन स्विचला कुलूप घालायचं आणि किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात ठेवायची. ठोकळ्याला साखळीने प्लग जोडला आहे. वापरायला म्हणून ठोकळा त्याच्या ठेवायच्या जागेवरून उचलला की प्लग निघतो आणि मोटरची वीज तुटते, म्हणजे ठोकळा आत विसरून प्रेस सुरू करण्याचा प्रश्नच येत नाही. आजपासून सहीचा अधिकार तिघांना.

३ जुलै

पाऊस. आरसीसीबी वारंवार पडायला लागली. बाहेरून आलेल्या इलेक्ट्रिशियनने सल्ला दिला की पावसाळ्यापुरती बायपास करा. त्याला चहा देऊन परत पाठवलं. शोधल्यावर पन्हाळीखालच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी सापडलं. बॉक्स हलवला, आता पडत नाही.

१४ ऑगस्ट

आज अर्धा दिवस सराव. बोट तुटलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे प्रत्येकाने हाताने करून पाहिलं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हात वर ठेवायचा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकायचं नाही. त्याने पेशी मरतात आणि जोडता येणारं बोटही जोडता येत नाही. एका मुलाने विचारलं, बर्फ कुठून आणायचा? चांगला प्रश्न. चौकातल्या रसवंतीवाल्याशी बोलून ठेवलं आणि ऑफिसच्या फ्रीजमध्येही ट्रे भरून ठेवायला सांगितले.

गाडी कुणाची, चालवणार कोण, कुठल्या हॉस्पिटलमध्ये हाताची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत, त्यांचा फोन, सगळ्यांचे ईएसआय (कामगार विमा) क्रमांक, हे सगळं प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलं. ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येता येणार नाही अशी दुखापत झाली तर कारखाने निरीक्षकाला कळवणं बंधनकारक आहे, तेही तिथेच लिहिलं.

‘थोडक्यात वाचलो’ नावाची वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. नाव लिहायची सक्ती नाही. आज पहिली खरी नोंद आली. ड्रिलवर हातमोजा घालून काम करत होतो, मोज्याचा धागा बिटला लागला, मोजा हातातून निसटला म्हणून बरं. ड्रिलवर मोजे बंद. पत्रा उचलताना मोजा हवाच, फिरत्या बिटजवळ तोच मोजा हाताला आत ओढतो. त्याच निमित्ताने ग्राइंडरचे टेके तपासले. दगड झिजला तसं अंतर वाढलं होतं, ते ३ मिलिमीटरच्या आत आणलं.

१८ सप्टेंबर

१०० टनीला लाइट कर्टन बसलं. तिचा न्यूमॅटिक क्लच कुठल्याही क्षणी सोडता येतो, म्हणून इथे त्याला अर्थ आहे. बसवणारा तंत्रज्ञ ते डायला अगदी लगटून लावत होता, जागा वाचते म्हणून. मी थांबवलं. रॅम थांबायला किती वेळ लागतो ते मोजून घेतलं. ०.२ सेकंद. आंतरराष्ट्रीय मानकात हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. म्हणजे किरण तुटल्यापासून रॅम थांबेपर्यंत हात ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असू शकतो. आपलं कर्टन १४ मिलिमीटरचं, बोटही ओळखणारं, त्यामुळे वरून आणखी अंतर वाढवायची गरज नाही. पण ४० सेंटिमीटर हवेतच. ब्रॅकेट बाहेर घेतला, बाजूंना जाळ्या लावल्या. जवळ लावलेलं कर्टन न लावण्यापेक्षा धोक्याचं आहे, कारण मुलं त्याच्या भरवशावर हात घालतात. ब्रेक झिजेल तसा थांबण्याचा वेळ वाढणार, म्हणून हे मोजमाप दर तीन महिन्यांनी करायचं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. प्रेस धुऊन, तेल पुसून, हळदीकुंकू वाहून सगळ्यांनी पूजा केली. वर्षातून एकदा यंत्रं इतकी स्वच्छ असतात की फ्रेममधली बारीक चीरही दिसते, म्हणून पूजेआधीच सेटरकाका टॉर्च घेऊन प्रत्येक फ्रेमचा गळा पाहून आले. ६३ टनीच्या एका फाउंडेशन बोल्टचा नट फिरत होता, तो आवळला.

झेंडूच्या माळा फक्त फ्रेमला बांधायच्या. फ्लायव्हील, ड्रिलचा स्पिंडल आणि ग्राइंडरला हार घालायचा नाही. परवा कामावर आल्यावर आधी सगळ्या माळा उतरवायच्या, मगच मेन स्विच.

१० ऑक्टोबर

दिवाळीची घाई. ठेकेदाराने पाच नवीन मुलं पाठवली आणि भावाला ती उद्याच प्रेसवर हवी होती. माल थांबलाय, त्याचंही खरं आहे. तरी पहिला आठवडा बर (कापलेल्या कडेवरची धारदार कोर) काढणं आणि पॅकिंग, मग जुन्या ऑपरेटरशेजारी उभं राहून पाहणं, मग जाळी असलेल्या ब्लँकिंगवर. बेंडिंग दिवाळीनंतर. आधार कार्डं पाहिली, एकजण अठराच्या आतला निघाला. त्याला घरी पाठवून भाड्याचे पैसे दिले. मालाला दोन दिवस उशीर झाला, तो फोन मी स्वतः घेतला.

२२ नोव्हेंबर

कालपासून चारही श्रम संहिता देशभर लागू झाल्या. त्यात चाळिशीपुढच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मालकाने करायची आहे. आम्ही सगळ्यांचीच करायची ठरवली, वयाची अट न लावता, आणि त्यात कानाची तपासणी घातली. प्रेसचा आवाज हळूहळू ऐकू येणं खातो, दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. सेटरकाकांचा रिपोर्ट आला. उंच पट्टीतले आवाज त्यांना जवळजवळ ऐकू येत नाहीत. ते म्हणाले, “ताई, नातीचं बोलणं कळत नाही, मला वाटायचं ती पुटपुटते.” आयुष्य प्रेसवर गेलेला माणूस आहे हा. गेलेलं परत येत नाही. पण एकोणीस-वीस वर्षांची जी मुलं आहेत त्यांचे कान अजून शाबूत आहेत. आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आमचा ब्लँकिंग कोपरा त्याच्या वर जातो. इअरप्लग आजपासून टॅगबरोबरच मिळणार. प्रेसच्या पायाखाली रबरी पॅड आणि स्क्रॅपच्या पेटीला आतून रबर लावायचं काम वेल्डरदादांकडे दिलं.

१८ डिसेंबर

वर्षभराचे टॅग दोऱ्याने बांधून ठेवले आहेत, आज बसून चाळले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातले काही आणि दिवाळीच्या घाईतले काही मागच्या सहीशिवाय आहेत, पण त्या प्रत्येकावर पुढचीही सही नाही. म्हणजे इन्स्पेक्शनच्या ताईंनी प्रेस सुरू होऊ दिली नव्हती. तपासणी एकाने केली आणि दुसऱ्याने अडवली, हे दोन्ही झालं म्हणून साखळी तुटली नाही.

६३ टनीला न्यूमॅटिक क्लच बसवायचं कोटेशन आलं आहे. महाग आहे. भाऊ म्हणतो एप्रिलनंतर, मी म्हणते फेब्रुवारी. बँकेशी सोमवारी बोलणं आहे. पुढचा पहिला गुरुवार १ जानेवारीला येतो, त्या दिवशी ४० टनीचा क्लच उघडायचा. चाव्या आणि स्प्रिंगा स्टोअरला आल्या आहेत, लाइनिंग अजून यायचं आहे. टॅगची नवीन पॅडं छापायला टाकली, या वेळी पाठीमागे सहावी ओळ वाढवली: कानात प्लग.